निम्म्या वर्गाचे दात वाकडे, मग माझ्या मुलीचं काय?

नमस्कार डॉक्टर,

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात राहतो. माझी मुलगी सातवीत आहे, बारावं चालू आहे. तिच्या मराठी शाळेत दातांचं शिबिर झालं. घरी जो कागद आला त्यावर 'मॅलऑक्लुजन', म्हणजे दातांची वाकडी ठेवण, असं लिहून मोठ्या दवाखान्यात दाखवा अशी खूण केलीय. शाळेतल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, निम्म्या वर्गाच्या कागदावर हेच आहे. मुलीचे वरचे दात पुढे आलेत आणि एक सुळा वर हिरडीत चढून बसलाय. हसताना तोंडावर हात धरते. वर्गातली पोरं 'दातळी' म्हणून चिडवतात. सासूबाई म्हणतात, "आमच्यात सगळ्यांचे असेच हाईत की, कुणाचं काय अडलंय? लग्नाच्या वेळी बघू." शेजारणी म्हणतात, पाण्यानं होतंय. एकीनं सांगितलं, तो सुळा काढून टाका, मोकळं. धाकटा आठ वर्षांचा. त्याच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट आहे, आणि रात्री तोंड उघडं टाकून घोरतो. आपल्या भागात हे खरंच इतकं जास्त आहे का? आणि सगळ्यांनाच असेल तर त्याला आजार तरी कसं म्हणायचं? तारांचा खर्च ऐकून छाती दडपली. काय करावं कळेना झालंय.

एक आई

ताई,

आकड्यांचं, पाण्याचं, आणि 'आमच्यात सगळ्यांचे असेच' याचं, सगळ्याचं उत्तर देते. त्याआधी तीन गोष्टी, कारण त्या थांबवून ठेवण्यासारख्या नाहीत. मुलीचा सुळा कुणाच्याही सांगण्यावरून काढू नका. तिला येत्या महिना-दोन महिन्यांत दातांच्या ठेवणीच्या डॉक्टरांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टना, दाखवा. आणि धाकट्याच्या फटीची काळजी सोडा, पण त्याच्या उघड्या तोंडाची घ्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यातल्या शाळांत मी मुलांचे दात तपासत आलेय. वाकडे दात नाहीत असा वर्ग मला भेटलेला नाही. पण तसा तो सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडला किंवा कागललाही भेटणार नाही. आपल्या लेकी तिकडं नांदतात, तिकडच्या इकडं येतात. रस्त्यावर पाटीची भाषा बदलली म्हणून घराण्याचा जबडा बदलत नाही. तेव्हा सीमाभागाला काही वेगळा शाप आहे असं मनात आणू नका. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२० साली एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दातांच्या ठेवणीत काही ना काही दोष असलेल्यांचं प्रमाण ५६ टक्के निघालं. भारतातल्या मुलांबद्दल आपल्याकडच्या दंतवैद्यकाच्या लिखाणात २० ते ४३ टक्के हा आकडा वारंवार येतो. म्हणजे तुमच्या शाळेतल्या बाई सांगतात ते अजिबात आक्रीत नाही.

पण २० कुठं आणि ४३ कुठं! एवढी तफावत मुलांच्या दातांत जितकी असते, त्याहून जास्त मोजणाऱ्यांच्या पट्टीत असते. एक दात जरासा वळलाय, हा दोष धरायचा की नाही? दोन दातांत पातळ फट आहे, ती मोजायची की सोडायची? हे ज्यानं त्यानं आपल्या पाहणीपुरतं ठरवलेलं असतं.

पाहणीत पुष्कळदा वापरली जाणारी एक पट्टी तुम्हाला दाखवते, म्हणजे त्या कागदावरची खूण कशी पडते ते कळेल. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९८६ साली 'डेंटल एस्थेटिक इंडेक्स' नावाची गुणांकनाची पद्धत तयार झाली, आणि १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती आपल्या दंत-पाहणीच्या पुस्तिकेत घेतली. तिच्यात दहा गोष्टी बघतात: पुढचा एखादा दात नाही का, गर्दी आहे का, फटी आहेत का, दात किती मिलिमीटर ओळ सोडून आहे, वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत, वगैरे. प्रत्येकाला ठरावीक वजन आहे आणि शेवटी सरसकट १३ मिळवायचे. म्हणजे ज्याच्या तोंडात एकही दोष नाही त्यालाही निदान १३ गुण. २५ पर्यंत किरकोळ, २६ ते ३० नक्की दोष, ३१ ते ३५ गंभीर, ३६ किंवा त्याहून जास्त असेल तर उपचार हवेतच.

आता एक मूल धरा. वर थोडी गर्दी, खाली थोडी गर्दी, त्याचे २ गुण. वरचा एक दात २ मिलिमीटर ओळीबाहेर, खालचा एक २ मिलिमीटर, त्याचे ४. वरचे दात खालच्यांच्या ३ मिलिमीटर पुढे, त्याचे दुप्पट म्हणजे ६. त्यात १३ घाला: २५ झाले, मूल 'किरकोळ' मध्ये. तपासणाऱ्याला तोच वरचा दात २ ऐवजी ३ मिलिमीटर बाहेर वाटला की २६, आणि मूल दोषाच्या रकान्यात. हे मोजमाप शाळेच्या व्हरांड्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, बॅटरीच्या उजेडात, मागं रांगेत चुळबुळणारी पोरं असताना होतं. त्यात "चाव बघू" म्हटलं की निम्मी मुलं दाढा मिटण्याऐवजी खालचा जबडा पुढं आणून पुढच्या दातांवर पुढचे दात टेकवतात. मग पुढे आलेले दातही सरळ दिसतात. "जिभेचं टोक मागं टाळूला लाव, आवंढा गिळ, आणि आता दाढा मिट" असं दोन-तीनदा करून घेतलं की खरी ठेवण दिसते. शिबिरात तेवढी सवड प्रत्येक मुलाला मिळतेच असं नाही.

शिवाय ही पट्टी मुळात दात चारचौघांना कसे दिसतात यावर बेतलेली आहे. वेगवेगळ्या ठेवणींची चित्रं अमेरिकेतल्या सामान्य लोकांना दाखवून, त्यांना काय खपतं आणि काय खटकतं यावरून ती वजनं ठरली. आपल्याकडच्या मुलांना ती लावायला हरकत नाही, पण तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. वरचे दात खालच्यांना पुरते झाकून टाकतात आणि खालचे टाळूला टोचतात, असा खोल चावा तिच्यात धरला जात नाही. एका बाजूच्या दाढा उलट्या बसत असतील तर तेही मोजलं जात नाही. या दोन्ही गोष्टी दिसायला साध्या, पण पुढं त्रास देणाऱ्या.

म्हणून शिबिराच्या कागदावरची खूण म्हणजे 'नीट दाखवून घ्या' एवढंच समजा. त्यावरून वर्गातली निम्मी मुलं आजारी ठरत नाहीत. आणि निम्म्यांवर खूण आहे म्हणून तुमच्या मुलीची खूण निकालातही निघत नाही. एखादी गोष्ट किती जणांत आढळते हा आरोग्य खात्याला लागणारा हिशोब आहे: किती डॉक्टर हवेत, पैसा कुठं घालायचा. तुमच्या मुलीला काय लागतं हे तिच्याच तोंडात बघून ठरतं.

'आजार म्हणायचं का' असंही तुम्ही विचारलंय. दातांची वाकडी ठेवण हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. पुष्कळ जणांना तिचा जन्मभर काही त्रास होत नाही, तुमच्या सासूबाईंचं तेवढं खरंच आहे. पण काही प्रकारांत ती पुढं खरं नुकसान करते, आणि ते प्रकार ओळखता आले पाहिजेत.

वरचे दात खूप पुढे असतील तर पडताना ते आधी आपटतात. वरचे दात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असतील तर पुढच्या दातांना इजा होण्याचा धोका साधारण दुपटीवर जातो, असं जुन्या पाहण्या एकत्र तपासल्यावर दिसलंय. खो-खो, कबड्डी, शाळेची सायकल, वडिलांच्या गाडीवर पुढं उभं राहणं, आपल्या मुलांच्या दिवसात पडण्याची ठिकाणं काही कमी नाहीत. (असा कायमचा दात मुळासकट निघालाच तर तो मुळाकडून धरू नका, घासू नका, दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडं पोचा. बसवता येण्याची आशा असते.) ओठ मिटत नसतील तर हिरड्या कोरड्या पडून सुजतात. दातावर दात चढलेल्या जागी ब्रश पोचत नाही, तिथं कीड लागते. आणि चिडवण्यानं मूल मिटतं, त्याबद्दल पुढं सांगते.

पाण्याचं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दातांवर पांढरे-पिवळे-तपकिरी डाग पडतात, दात खडबडीत होतात. त्यानं दात वाकडे होत नाहीत. शेजारणींना हे सांगा, म्हणजे निदान पाण्यावरचा आरोप तरी मिटेल.

घराण्याचं मात्र पुष्कळ अंशी खरं. जबड्याची घडण, दातांचा आकार, खालचा जबडा पुढं असणं हे घरात उतरतं. पण सगळं रक्तावर ढकलता येत नाही. १९८० च्या दशकात रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं चंदीगड भागातल्या शहरी आणि खेड्यातल्या तरुणांचे दात तपासले. माणसं त्याच प्रदेशातली, पण खेड्यातल्यांची ठेवण शहरातल्यांपेक्षा बरी निघाली, आणि त्याचा संबंध त्यानं चावून खाव्या लागणाऱ्या अन्नाशी लावला. लहानपणी जबड्याला काम मिळालं की तो नीट वाढतो, असा त्याचा सांगावा. सगळ्या तज्ज्ञांना हे पुरतं मान्य नाही. तरीही मला यातलं मर्म पटतं. भाकरी, भाजलेल्या शेंगा, ऊस, काकडी, गाजर मुलांच्या हातातून गेलं आणि चहात बुडवलेलं बिस्कीट आलं. बिस्किटानं जबड्याला काम मिळत नाही आणि वर कीडही लागते. मात्र वाकडे झालेले दात ऊस खाऊन सरळ होत नाहीत, त्या भरवशावर मुलीला ठेवू नका.

कीड म्हटली म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण वाकड्या दातांचं जे कारण घरच्या घरी टाळता येतं ते हेच. आपल्याकडं दुधाच्या दाताला किंमत नाही. "पडणारच आहे, सिमेंट कशाला भरायचं?" हे वाक्य मी वडगावातही ऐकलंय आणि निपाणीतही. पडलेला दात कौलावर फेकला की विषय संपला. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं त्या मागून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा धरून बसलेल्या असतात. सहाव्या वर्षी त्यांच्या मागं पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, म्हणून पुष्कळ आया तीही दुधाचीच समजतात आणि तिची कीड तशीच सोडतात. दुधाची दाढ किडून सातव्या-आठव्या वर्षीच काढावी लागली की ही मागची कायमची दाढ रिकाम्या जागेत पुढं सरकते. मग खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. वरच्या जबड्यात दर्शनी दातांपैकी सुळा सगळ्यांत उशिरा, अकरा-बारा वर्षांचं असताना येतो. तोवर सगळ्यांनी जागा घेतलेली असते, म्हणून तो बाहेरून, वर हिरडीत फुटतो. तुमच्या मुलीचा तसाच आलेला दिसतो. तिची एखादी दुधाची दाढ लवकर काढली होती का, हे आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील.

धाकट्याच्या बाबतीत तुम्हाला अजून संधी आहे. त्याची दुधाची दाढ किडली असेल तर भरून घ्या. काढावीच लागली तर 'स्पेस मेंटेनर' बसवता येतो का हे त्याच दिवशी विचारा. ती एक छोटी तारेची कडी असते, जागा धरून ठेवते, आणि पुढच्या तारांच्या मानानं तिचा खर्च फारच कमी.

आता मुलीचा सुळा. तो बाहेर दिसतो, म्हणून तोच गुन्हेगार वाटतो आणि लोक तो काढायला सांगतात. सुळ्याचं मूळ दर्शनी दातांत सगळ्यांत लांब, तो चेहऱ्याला ओठाच्या कोपऱ्यात आधार देतो आणि चावताना जबडा बाजूला सरकतो तेव्हा इतर दातांवरचा भार घेतो. जागा करायला एखादा दात काढावा लागलाच तर बहुधा सुळ्याच्या मागची लहान दाढ काढतात, आणि तेही एक्स-रे, दातांचे ठसे आणि चेहऱ्याची मापं बघून. रस्त्याकडेला बसून किंवा घाईच्या दवाखान्यात पाच मिनिटांत सुळा उपटून देणारा कुणी भेटला तर तिथून उठून या.

वरचे दात पुढे असण्याचं कारण दोन प्रकारचं असू शकतं: नुसते दात पुढे झुकलेत, किंवा खालचा जबडाच मागं राहिलाय. दुसरं असेल तर वय फार महत्त्वाचं, आणि म्हणूनच मी लग्नाच्या वेळेला नाही म्हणते. नुसते दात सरकवायचे असतील तर ते पंचविशीतही होतं, चाळिशीतही होतं. पण जबड्याच्या वाढीला वळण द्यायचं तर मूल वाढत असतानाच. त्यासाठी 'ट्विन ब्लॉक'सारखं काढता-घालता येणारं उपकरण देतात. खालचा जबडा पुढं ठेवून चावायला लावणारं. मुलींची झपाट्यानं वाढ होण्याचा काळ मुलांच्या आधी येतो, आणि पाळी सुरू होईपर्यंत त्यातला सगळ्यात वेगाचा भाग बहुधा उलटून गेलेला असतो. डॉक्टर विचारतील, पाळी सुरू झाली का, झाली तर कधी. दातांच्या दवाखान्यात हा कसला प्रश्न म्हणून संकोचू नका, उपचार त्यावरच ठरतात. मुलीलाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथं ऐनवेळी ती मान खाली घालणार नाही. वाढ संपल्यावर मोठा दोष उरला तर मग जबड्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग राहतो, आणि त्याचा खर्च, त्याचं दुखणं सगळंच वेगळं.

डॉक्टरांकडं निघण्याआधी मुलीचे दात घरी उजेडात एकदा बघून घ्या. जीभ टाळूला लावून आवंढा गिळायला सांगा, दाढा मिटू द्या आणि गाल अलगद बाजूला घ्या. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत आडवं अंतर किती, खालचे दात दिसतात की पुरते झाकले जातात, दाढा मिटूनही पुढं फट राहते का, कुठं खालचा दात वरच्याच्या बाहेर आहे का, मिटताना हनुवटी एका बाजूला सरकते का. दिसेल ते शिबिराच्या कागदामागं लिहून न्या. निदान करायचं काम तुमचं नाही, पण आई बघून आली की डॉक्टरही नीट उत्तरं देतात.

कुठं जायचं? बेळगावात दोन दंतमहाविद्यालयं आहेत: केएलईचं व्ही. के. दंतविज्ञान महाविद्यालय आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंतमहाविद्यालय. दोन्हीकडं दातांच्या ठेवणीचा वेगळा विभाग आहे. खासगी दवाखान्यात तारांचा खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात सहज जातो. महाविद्यालयात तो सहसा पुष्कळ कमी पडतो आणि हप्त्यानं भरायची सोय आहे का हे विचारता येतं. तिथं काम पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर करतात, वर शिक्षक बघतात. कामात वेळ जातो, पण बारकाईनं होतं. एक प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी विचारा: "हे डॉक्टर शिकून बाहेर पडले तर माझ्या मुलीचं पुढं कोण बघणार?" त्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि तारा साधारण दीड ते दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. मधे हात बदलला तर चालतं, पण कुणाच्या हाती जाणार ते तुम्हाला आधी माहीत असावं.

खर्च धरताना तारांबरोबर फेऱ्याही धरा. दर चार-सहा आठवड्यांनी एक फेरी, तिचं बसभाडं, तुमची किंवा मिस्टरांची बुडणारी मजुरी, तिची बुडणारी शाळा. हे सगळं कागदावर मांडून मग ठरवा, कारण अर्ध्यात सोडलेल्या तारा न लावलेल्यांपेक्षा वाईट. तारांभोवती अन्न साचून दातांवर पांढरे चट्टे पडतात, जागा बदललेले दात परत फिरतात. तारा निघाल्यावर सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा 'रिटेनर' घालायचा असतो, तो कंटाळा न करता घालावा लागतो. ते मुलीकडून आधीच कबूल करून घ्या. आणि तपासून डॉक्टर म्हणाले की दोष किरकोळ आहे, नाही केलं तरी चालेल, तर तेही मोकळ्या मनानं घ्या. पैसे नसताना नुसत्या दिसण्यासाठी कर्ज काढायला मी कुणाला सांगणार नाही. टपालानं घरी येणारे पारदर्शक साचे स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका. एक्स-रे न काढता, तोंडात न बघता वाढत्या मुलीचे दात सरकवणं धोक्याचं आहे.

शाळा आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासूनच्या या तपासणीत दातांच्या तक्रारीही धरल्या आहेत. पथक आलं की दोघांनाही दाखवा, किडीची कामं त्यातून पुढं सरकू शकतात.

मुलगी तोंडावर हात धरते, हे तुम्ही लिहिलंत, आणि मला पत्रातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. सासूबाईंच्या पिढीतल्या किती बायांनी आयुष्यभर पदर तोंडाला लावून हसणं काढलं ते मी बघितलंय. "काय अडलंय" असं म्हणणाऱ्याचं अडलेलं नसतंच. तेव्हा एकदा मुलीला एकटीला विचारा, तिला काय वाटतं. तारा हव्यात का, दोन वर्षं सांभाळशील का. दात तिचे आहेत, तिच्या होकाराशिवाय कुठलाही उपचार तडीस जात नाही. आणि लग्नाचं नाव त्यात आणू नका. तिला नीट चावता यावं, पडली तर दात वाचावेत, हसताना हात वर जाऊ नये, एवढी कारणं पुरेशी आहेत. धाकट्याचे दात असे असते तर आपण लग्नाची वाट बघितली नसती. 'दातळी' म्हणण्याबद्दल वर्गशिक्षिकेला भेटून स्पष्ट सांगा. निम्म्या वर्गाच्या कागदावर तीच खूण आहे हे त्या बाईंना ठाऊकच आहे, वर्गाला कसं समजवायचं ते त्यांना जमेल.

आता धाकटा. आठव्या वर्षी वरच्या पुढच्या दोन दातांत फट असणं आणि ते बाजूला तिरपे दिसणं हे बहुतेक मुलांत होतं. वर हाडात असलेले सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना ढकलत असतात. ते खाली उतरले की, अकराव्या-बाराव्या वर्षी, बहुतेकांची फट आपोआप मिटते. तोवर तिला हात लावू नका. फट मिटवायला दोन दातांना रबर किंवा दोरा बांधायचा उपाय मोबाईलवर फिरतो. तो कुणी सांगितला तर घरात सगळ्यांना ताकीद द्या. दात मुळाकडं निमुळता होत जातो, त्यामुळं रबर हळूहळू हिरडीखाली मुळाकडं सरकतं, दिसेनासं होतं, भोवतालचं हाड खातं, आणि चांगले दात हलून पडतात. बाराव्या वर्षानंतरही फट राहिली तर ओठाच्या आतली पातळ पट्टी दोन दातांमधे खाली उतरलीय का, की मधे एखादा जादा दात अडकलाय, ते एक्स-रेत बघतात.

त्याचं घोरणं मात्र सोडू नका. नाकामागच्या मांसल गाठी, म्हणजे अ‍ॅडिनॉइड, वाढल्या किंवा टॉन्सिल सुजलेले असले की मूल तोंडानं श्वास घेतं. वर्षानुवर्षं तोंड उघडं राहिलं तर जीभ खाली पडून राहते, वरचा जबडा अरुंद होतो, आणि बहिणीच्या जागी उद्या तो उभा असेल. झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, दिवसा पेंगतो का, सारखी सर्दी असते का, हे पाहून ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात तो विभाग आहे. मुलीला घेऊन बेळगावला जाल त्याच दिवशी त्यालाही न्या. रविवार टाळा आणि सकाळच्या पहिल्या बसनं निघा. ओपीडीची चिठ्ठी लवकर निघाली तर एकाच फेरीत दोघांचं काम होईल.